चाळीस नग की चाळीस पेट्या: पाच प्रकल्पांच्या एका एकत्रित रिलीजचा प्रकरण अभ्यास

रविवार, २२ सप्टेंबर २०२४. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी सपोर्टचा फोन वाजला. त्या रात्री तो माझ्याकडे होता. पलीकडे एक ट्रकचालक, चाकणजवळच्या एका वाहन कारखान्याच्या गेटवरून बोलत होते.

"मॅडम, कागदावर चाळीस नग लिहिलंय. गाडीत चाळीस पेट्या आहेत. इनवर्डवाला आत घेत नाही."

"काका, एका पेटीत किती नग आहेत?"

"साठ. पेटीवर चिकटवलंय ना. तुमच्या कागदावरच नाही."

साठ चोक दोनशे चाळीस, म्हणजे चाळीस पेट्यांत २,४०० नग. कारखान्याला आदल्या दिवशी आगाऊ कळवलेला आकडाही २,४००च होता. इनवर्डच्या टेबलावरचा माणूस चुकत नव्हता. त्याच्या हातात सरकारी क्यूआर कोड असलेलं ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल होतं, त्यावर ४० नग छापलेलं होतं, आणि तेवढ्या कागदावर २,४०० नग आत घेणं त्याच्या नोकरीवर बेतणारं होतं. चूक आमची होती: ते बिल काढणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो, आणि त्याच रात्री त्याची नवी आवृत्ती सोडली होती. साडेचार तासांपूर्वीच "सगळं हिरवं आहे, रिलीज पूर्ण" असं मी स्वतः ग्रुपवर लिहिलं होतं.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटतं, कारण यात एकाही संघाचं काम वाईट नव्हतं. पाचही संघांच्या चाचण्या होत्या, त्या रोज चालत होत्या आणि त्या रात्री सगळ्या पास झालेल्या होत्या. तरी गाडी गेटवर अडकली. कंपनी, पुरवठादार आणि कारखाना यांची नावं देत नाही, त्यांची गरजही नाही.

कोण कोणावर अवलंबून होतं

बाणेरच्या आमच्या कार्यालयात सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादारांसाठी मालाच्या रवानगीची प्रणाली तयार होते. आमचे ग्राहक भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातले. बाहेरून ही एकच प्रणाली दिसते. आतून ते पाच वेगळे प्रकल्प आहेत. प्रत्येकाचा रेपो (कोड ठेवायची जागा) वेगळा, संघ वेगळा, आवृत्तीचे क्रमांकही वेगळे.

'ऑर्डर' ही सेवा कारखान्याकडून येणारं मागणीचं वेळापत्रक आणि दर सांभाळते. 'गोदाम' सेवेला कोणता भाग कुठे आहे, किती आहे आणि कशात भरला आहे हे ठाऊक असतं. 'पोर्टल-जोडणी' सरकारी पोर्टलशी बोलून ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल (माल वाहून नेताना लागणारा सरकारी कागद) काढते. चालकाच्या फोनवर 'चालक ॲप' असतं. पाचवा प्रकल्प 'कर-हिशेब'. ही सेवा नव्हे, लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोड) आहे, आणि ती ऑर्डर व पोर्टल-जोडणी या दोघांच्याही पोटात जाते. म्हणजे एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या प्रणालीत, जिवंत असू शकतात. वाचायला ही किरकोळ बाब वाटेल, पण आमच्या निम्म्या जुन्या भानगडींचं मूळ तिथेच होतं.

इथे चुकीला एवढी किंमत का, ते सांगायला हवं. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यवसायाला, दुसऱ्या व्यवसायाला माल विकताना ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. त्यामुळे भोसरीतलं साधं प्रेस शॉपसुद्धा यात आलं. त्यातून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा माल हलवायचा तर ई-वे बिल लागतं. आमच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला आकडा काही सेकंदांत सरकारी नोंद होतो. स्क्रीनवर चुकीचं दिसलं तर सुधारता येतं. पोर्टलवर गेलेलं ई-इनव्हॉइस तिथे दुरुस्त करता येत नाही. २४ तासांच्या आत ते रद्द मात्र करता येतं.

बदल काय होता

वाहन कारखान्यांना पुठ्ठ्याची खोकी नकोशी झाली होती. त्यांना परत पाठवता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्या हव्या होत्या, प्रत्येक भागाला ठरलेली पेटी आणि प्रत्येक पेटीत ठरलेले नग. म्हणून गोदाम संघाने रवानगीच्या मेसेजमध्ये दोन नवी फील्ड घातली: 'एकक' आणि 'पेटीतले नग'. आणि याच जागी खरी चूक झाली. 'संख्या' हे जुनं फील्ड त्यांनी तसंच ठेवलं, पण त्याचा अर्थ बदलला. आधी संख्या म्हणजे नेहमीच नग. आता एकक 'नग' असेल तर नग, 'पेटी' असेल तर पेट्या.

फील्ड काढून टाकलं असतं तर ते वाचणारा प्रोग्राम ठणाणा करत थांबला असता. अर्थ बदललेलं फील्ड मात्र कोणालाच अडवत नाही. मेसेजचा साचा जुळतो, आकडा आकडाच असतो, चाचणी पास होते. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीचं १ ऑगस्ट २०१२ रोजी जे झालं, त्याच्या मुळाशी हेच होतं. जुन्या, बंद पडलेल्या कामासाठी असलेला एक फ्लॅग (चालू-बंद सांगणारी खूण) त्यांनी नव्या कामासाठी वापरला. नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर पोहोचला. आठव्यावर जुना कोड राहिला आणि त्याने त्या फ्लॅगचा जुना अर्थ घेतला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. ही गोष्ट आमच्या संघातल्या बहुतेकांनी वाचलेली होती. तरीही आम्ही तेच केलं, कारण 'संख्या' या शब्दाकडे बघून कोणाला फ्लॅग आठवत नाही.

पोर्टल-जोडणीच्या संघाला बदलाची कल्पना होती. एकक वाचून पेट्यांचे नग करायचे, हा कोड त्यांनी एका वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या स्वतंत्र प्रतीवर) लिहूनही ठेवला होता आणि तो बरोबर होता.

गुरुवार ते रविवार

त्या वर्षी विसर्जन १७ सप्टेंबरला होतं आणि दसरा १२ ऑक्टोबरला. दसऱ्याला गाडी घरी आणायची म्हणून कारखाने आधीचे तीन-चार आठवडे रविवारीही चालतात, आणि पुरवठादारांना पेट्यांचा बदल त्याआधी हवा होता. गणपतीत अर्धं ऑफिस सुट्टीवर, म्हणून रिलीज विसर्जनानंतरच्या पहिल्या शनिवारी ठरला.

गुरुवारी आम्ही स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या प्रणालीवर, सगळी चाचणी एकत्र चालवली. पोर्टल-जोडणीची त्या नव्या ब्रँचवरची बिल्ड (कोडपासून तयार केलेला चालता प्रोग्राम) तिथे होती. पेट्यांचे नग बरोबर झाले, बिल बरोबर निघालं. चार तास लागले आणि सगळं हिरवं आलं.

शुक्रवारी दुपारी एका ग्राहकाच्या पत्त्यातल्या पिनकोडची तक्रार आली. पोर्टल-जोडणीच्या संघाने ती तातडीने मुख्य ब्रँचवर दुरुस्त केली. पेट्यांचा कोड मुख्य ब्रँचवर अजून मर्ज व्हायचा, म्हणजे मिसळायचा होता, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तो झालेला आहे असंच वाटत होतं. नवी बिल्ड निघाली. तिचा आवृत्ती क्रमांक गुरुवारच्या बिल्डसारखाच, फक्त शेवटचे काही आकडे वेगळे. त्या संघाच्या स्वतःच्या चाचण्या पास झाल्या, कारण त्यांच्याकडचा गोदामाचा मॉक (चाचणीपुरतं नकली गोदाम) आठ महिने जुना होता. त्यात 'एकक' हे फील्डच नव्हतं.

मग एकत्र चाचणी पुन्हा का चालवली नाही? चार तास लागतात म्हणून. स्टेजिंगवर तोवर दुसऱ्या संघाचं काम सुरू झालं होतं म्हणून. आणि बदल फक्त पिनकोडचा आहे, असं सगळ्यांना वाटलं म्हणून. तसंच पुढे जायची परवानगी मी दिली होती.

शनिवारी रात्री दहाला सुरुवात केली. आधी गोदाम, मग ऑर्डर, मग पोर्टल-जोडणी. शेवटी एक खरं बिल काढून बघितलं. तो भाग सुट्या नगांत जाणारा होता, त्यामुळे बिल अचूक आलं.

पहाटे पेट्यांच्या गाड्या निघाल्या. गोदामाने पाठवलं: संख्या ४०, एकक पेटी. ऑर्डरने दर दिला पेटीचा. मुख्य ब्रँचवरच्या पोर्टल-जोडणीने एकक वाचलंच नाही, तिच्या कोडमध्ये पूर्वापार 'नग' पक्कं लिहिलेलं होतं. ४० गुणिले पेटीचा दर बरोबर एकूण रकमेला जुळला, कर जुळला. पोर्टलला नाकारायचं काही कारणच नव्हतं. पैशांचा प्रत्येक हिशेब बरोबर आणि वस्तुस्थिती साठपट चूक, असा तो कागद होता.

सॉफ्टवेअर मागे गेलं, जग मागे गेलं नाही

फोननंतर अर्ध्या तासात आम्ही पाच जण ऑनलाइन होतो. सगळ्यांचा पहिला विचार एकच: नवीन काय आलंय? गोदाम. मग गोदाम मागे घ्या. पहाटे सहाच्या आत गोदामाची जुनी आवृत्ती परत चढवली.

त्याने प्रकरण चिघळलं. रात्रभरात गोदामाच्या डेटाबेसमध्ये पेट्यांच्या नोंदी झाल्या होत्या. जुन्या कोडला पेटी ही कल्पनाच माहीत नव्हती. त्याने ४० पेट्यांचे ४० नग वाचले, साठा एकदम कोसळलेला दिसला आणि ऑर्डर सेवेने तुटवड्याचे इशारे पाठवायला सुरुवात केली. पुरवठादारांच्या स्टोअरमधले लोक रविवारी सकाळी रॅकसमोर उभे राहून माल मोजायला लागले. आम्ही रोलबॅकची, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जायची, रंगीत तालीम केलेली होती, पण रिकाम्या, जुन्या डेटावर. परतीच्या वाटेवर डेटा नवा असतो, हे त्या सकाळी समजलं.

खरा उपाय दहा मिनिटांचा होता: गुरुवारी पास झालेली पोर्टल-जोडणीची बिल्ड चढवायची. पण गुरुवारची बिल्ड नेमकी कोणती, हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. स्टेजिंगवर शुक्रवारी दुसरं काही चढलं होतं. रिलीजच्या तक्त्यात आवृत्तीचे पहिले तीन आकडेच लिहिलेले. अखेर गुरुवारी संध्याकाळी कोणीतरी चॅटवर टाकलेल्या स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात कॉमिटचा (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाचा) क्रमांक सापडला. त्यावर सव्वा तास गेला.

तोवर सात गाड्या वेगवेगळ्या गेटांवर उभ्या होत्या. प्रत्येकीचा कागद उलटा सोडवायचा होता, आणि त्याचा क्रम पक्का असतो. ई-वे बिल चालू असताना ई-इनव्हॉइस रद्द होत नाही, म्हणून आधी ई-वे बिल रद्द, मग ई-इनव्हॉइस रद्द, मग नव्या क्रमांकाने नवं बिल, कारण रद्द झालेला बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. सहा गाड्यांचं असं झालं. सातवीचं ई-वे बिल रस्त्यात अधिकाऱ्याने तपासलं होतं. तपासलेलं ई-वे बिल रद्द करता येत नाही. तिथे क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम वजा करणारा कागद) काढून नवं बिल करावं लागलं, आणि त्या पुरवठादाराच्या अकाउंटंटला आम्ही रविवारी देवपूजेतून उठवलं.

शेवटची गाडी अकरा चाळीसला आत गेली. कारखान्याची लाइन थांबली नाही. पण ज्या काकांनी पहिला फोन केला, त्यांना ट्रिपवर पैसे मिळतात. त्यांची त्या दिवशीची दुसरी ट्रिप गेली. आमच्या अहवालात 'परिणाम' या रकान्यात पुरवठादार होते, कारखाना होता, चालक नव्हते. मी ती ओळ हाताने घातली.

सोमवारची बैठक

बैठकीत दोष कोणाचा यावर फार वेळ गेला नाही, आणि त्याचं श्रेय पोर्टल-जोडणीच्या प्रमुखाला आहे. त्याने सुरुवातीलाच ब्रँचचा घोळ फळ्यावर काढून दाखवला. वाद झाला तो उपायावर.

गोदामाच्या प्रमुखाचं म्हणणं होतं, पाचही प्रकल्प एका रेपोत आणा म्हणजे अशी दोन ब्रँचची भानगडच होणार नाही. ऑर्डरवालीचं म्हणणं याच्या अगदी उलट: एकत्रित रिलीज हीच चूक आहे. प्रत्येकाने आपापल्या वेळी, जुन्याशी जुळवून घेत सोडावं. माझं म्हणणं होतं, प्रॉडक्शनची हुबेहूब प्रतिकृती उभी करा आणि सगळ्या चाचण्या तिथे चालवा.

माझा उपाय आधी करून बघितला गेला. सहा आठवडे लागले. प्रतिकृती उभी राहिली, पण चाचणीला चारचे साडेपाच तास झाले, आणि पाच-सहा चाचण्या कधी पास तर कधी नापास व्हायला लागल्या: कधी नेटवर्क, कधी वेळेचा फरक, कधी आधीच्या चाचणीचा उरलेला डेटा. त्यातून एक सवय लागली, 'पुन्हा चालव' या बटणाची. नापास चाचणी दिसली की माणूस आधी कारण शोधत नाही, बटण दाबतो. ही सवय लागली की चाचणीचा लाल रंग काहीच सांगत नाही. जी चाचणी विनाकारण डळमळते, ती दुरुस्त होईपर्यंत संचातून बाहेर काढावी, असं माझं ठाम मत तेव्हापासून आहे. सहा आठवड्यांची मेहनत आम्ही बाजूला ठेवली.

एका रेपोचा उपाय आमच्या कामाला अपुरा होता. कोड एका जागी आला तरी सेवा एकामागून एक चढतात, आणि फोनवरचं ॲप तर ज्याचं त्याच्या मर्जीने बदलतं. ऑर्डरवालीचं म्हणणं बरंचसं खरं होतं, ते आम्ही स्वीकारलंही. फक्त एक अडचण होती. करकायद्यातला बदल ठरलेल्या मध्यरात्री लागू होतो. तिथे प्रत्येकाने आपापल्या सोयीने सोडून चालत नाही.

जे टिकलं ते

पहिली गोष्ट अगदी साधी. आम्ही एक फाइल सुरू केली आणि तिला 'संच' म्हणायला लागलो. तिच्यात पाच ओळी. प्रत्येक ओळीत प्रकल्पाचं नाव आणि कॉमिटचा पूर्ण क्रमांक. एकत्र चाचणी प्रकल्पावर चालत नाही, संचावर चालते. एकही ओळ बदलली की तो नवा संच, त्याची पाटी कोरी. जो संच पास झाला, तोच, त्याच बिल्डसकट प्रॉडक्शनला जातो. नवी बिल्ड काढायची नाही. शुक्रवारच्या पिनकोडसारखी दुरुस्ती आली तर ती नव्या संचात येते आणि रांगेत उभी राहते. त्या शनिवारी आम्ही पाच प्रकल्प सोडले होते आणि पाचांनाही मालक होता. त्यांच्या जोडीला मालक नव्हता, आणि गाडी अडवणारी चूक त्या जोडीतच होती. आता संचाला दर वेळी एक मालक असतो, आणि ती व्यक्ती 'थांबा' म्हणाली की सगळे थांबतात.

दुसरी गोष्ट ओपनस्टॅककडून घेतली. २०१० मध्ये रॅकस्पेस आणि नासा यांनी सुरू केलेला हा मुक्त क्लाउड प्रकल्प. त्यात नोव्हा, कीस्टोन, ग्लान्स असे अनेक प्रकल्प एकमेकांवर टेकलेले आहेत आणि सगळे मिळून दर सहा महिन्यांनी रिलीज होतात. त्यांनी यासाठी झूल नावाचं साधन तयार केलं. बदल मर्ज व्हायच्या आधी झूल त्याला रांगेत लावतं, आणि रांगेतल्या पुढच्यांचे बदल मर्ज झाले आहेत असं गृहीत धरून त्या भावी स्थितीवर चाचणी चालवतं. पुढचा एखादा नापास झाला की त्याला वगळून मागच्यांची पुन्हा चाचणी होते. शिवाय कॉमिटच्या संदेशात 'डिपेंड्स-ऑन' अशी ओळ लिहून दुसऱ्या रेपोतल्या, अजून मर्ज न झालेल्या बदलाकडे बोट दाखवता येतं. मग दोन्ही एकत्रच तपासले जातात, आणि ज्याच्यावर भिस्त आहे तो मर्ज होईपर्यंत दुसरा थांबून राहतो. आमच्याकडे ती ओळ असती, तर गोदामाचा बदल पोर्टल-जोडणीच्या ब्रँचशी बांधलेला राहिला असता. झूल पूर्ण बसवण्याएवढं मनुष्यबळ आमच्याकडे नव्हतं. आम्ही फक्त ती ओळ घेतली आणि ती वाचणारी छोटी स्क्रिप्ट पाइपलाइनला, म्हणजे बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या साखळीला, जोडली. भिस्त असलेला बदल संचात नसेल तर संच बनतच नाही.

चढवण्याचा क्रम ठरवायला एक्लिप्स या मुक्त सॉफ्टवेअर समूहाची रीत उपयोगी पडली. २००६ साली कॅलिस्टो या नावाने त्यांनी १० प्रकल्प एकाच वेळी सोडले, पुढच्या वर्षी 'युरोपा' या नावाने २१. पायाचा प्रकल्प 'अधिक शून्य', त्यावर उभा असलेला 'अधिक एक', पुढचा 'अधिक दोन', अशी त्यांची उतरंड होती आणि प्रत्येक टप्प्याला आपली बिल्ड द्यायचा दिवस वेगळा. सगळे एकाच संध्याकाळी बिल्ड आणून टाकत नाहीत. आमच्याकडे कर-हिशेब सोमवारी, गोदाम आणि ऑर्डर मंगळवारी, पोर्टल-जोडणी बुधवारी, आणि त्यानंतर संच गोठतो.

तिसरी गोष्ट, मॉक. पोर्टल-जोडणीकडचा गोदामाचा मॉक हा पोर्टल-जोडणीचा गोदामाबद्दलचा समज होता, आणि तो तपासायची जबाबदारी कोणाचीच नव्हती. आता मेसेज वाचणारा संघ आपली अपेक्षा करार म्हणून लिहितो: 'संख्या नेहमी नगांत असेल'. हा करार मेसेज पाठवणाऱ्याच्या, म्हणजे गोदामाच्या पाइपलाइनमध्ये चालतो. गोदामाने अर्थ बदलला की लाल दिवा गोदामाकडे लागतो, आणि तोही कोड लिहिल्याच्या दिवशी. पॅक्ट या मुक्त साधनाने हे काम होतं. पण साधनाला मेसेजचा साचा कळतो, अर्थ कळत नाही. म्हणून करारात अर्थाचं उदाहरण घालावं लागतं: साठ नगांच्या चाळीस पेट्या पाठवल्या तर 'संख्या' २,४०० आलीच पाहिजे. पेट्यांसाठी मग 'पेट्या' हे वेगळं फील्ड आलं. जुन्या फील्डचा अर्थ बदलायचा नाही, शेजारी नवीन घालायचं, सगळे वाचक नव्यावर आले की मगच जुनं काढायचं, हा नियम त्यातूनच पक्का झाला.

चौथी गोष्ट मोजणीची. पाच प्रकल्प, प्रत्येक जुना किंवा नवा, म्हणजे ३२ जोड्या. एवढ्या तपासणं अशक्य, म्हणून आधी आम्ही फक्त 'सगळं नवं' ही एकच तपासत होतो. पण रिलीजच्या रात्री प्रणाली ३२ स्थितींतून जात नाही. लायब्ररी तर सेवांच्या पोटात जाते. तीन सेवा ठरलेल्या क्रमाने चढतात, म्हणजे चार स्थिती. प्रत्येक स्थितीत चालकाच्या फोनवर जुनं ॲप असेल किंवा नवं. एकूण आठ. त्याच आठ आम्ही तपासतो. परतीच्या वाटेचीही तालीम होते, नव्या नोंदी असलेल्या डेटाबेसवर. त्यासाठी चाचणी लहान करावी लागली: एक भाग सुटा, एक पेटीतला, एक गाडी, एक बिल, एक रद्द बिल, एक क्रेडिट नोट. एका स्थितीला वीस मिनिटं लागतात. बाकीचं प्रत्येक संघ आपल्या घरी तपासतो.

बरोबर एक वर्षाने

३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेचा निर्णय जाहीर झाला. वाहनांच्या सुट्या भागांचा कर २८ वरून १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. हातात एकोणीस दिवस होते, मध्ये विसर्जन. तारीख वाचून आमच्यातलं कोणी काही बोललं नाही.

दर बदलणं हे वरवर एका आकड्याचं काम. पण गाडी २१ तारखेला रात्री पावणेबाराला बिल घेऊन निघाली, तर तिचं बिल २८ टक्क्यांचंच राहतं. बारानंतर निघालेलीचं १८. आणि २१च्या बिलावरचा माल नापसंत होऊन २५ तारखेला क्रेडिट नोट काढली, तर तीही मूळ बिलाच्या दराने, म्हणजे २८ने. दर आजच्या तारखेवरून काढणारा कोड तिथे चुकतो. आणि कर-हिशेब तर दोन सेवांच्या पोटात. एकीत नवी लायब्ररी आणि दुसरीत जुनी असेल, तर ऑर्डर एक रक्कम म्हणणार आणि पोर्टल-जोडणी दुसरी.

आम्ही मध्यरात्री काहीही चढवायचं नाही असं ठरवलं. दर तारखेसकट एका तक्त्यात गेले आणि कोड १३ तारखेच्या शनिवारी, जुनाच दर लागू असताना चढला. आठही स्थिती तपासल्या. ऑर्डर नवी आणि पोर्टल-जोडणी जुनी या स्थितीत क्रेडिट नोट चुकली. लायब्ररीच्या दोन आवृत्त्या, तीच जुनी भानगड. ती गुरुवारी संचात सापडली, शुक्रवारी नवा संच झाला, आठही पुन्हा चालवल्या. मालकीण ऑर्डरवाली होती. तिने शनिवारी दुपारपर्यंत परवानगी अडवून धरली आणि कोणी तिच्यावर घाई केली नाही.

२१च्या रात्री आम्ही चौघं ऑफिसात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. बाराला सात मिनिटं कमी असताना एक बिल निघालं, २८ टक्के. बारा वाजून चार मिनिटांनी पुढचं, १८ टक्के, ३० पेट्या, १,८०० नग. पावणेएकला भोसरीच्या एका पुरवठादाराने आदल्या दिवशीच्या बिलावर क्रेडिट नोट काढली. ती २८ने आली. पोर्टल-जोडणीचा प्रमुख ती स्क्रीन बराच वेळ बघत होता.

संचाच्या फाइलीत आता सहा ओळी आहेत. चालक ॲपची जुनी आवृत्ती अजून अकरा फोनांवर आहे, आणि हे फोन इतके जुने आहेत की नवी आवृत्ती त्यांच्यावर चढतच नाही. त्यातला एक फोन त्याच काकांचा आहे. सहावी ओळ त्या जुन्या ॲपची, आणि प्रत्येक संच तिच्यासकट तपासला जातो.